महानगरातलं प्रेम आणि विनोदी सिनेमा: गुंता घट्ट कसा बसतो?

पटावरचा_उंट (धागाकर्ता)

मुंबईत घडणाऱ्या हलक्याफुलक्या प्रेमपटांवर सविस्तर बोलायला हा धागा काढतोय. आवडला-नावडला एवढ्यावर न थांबता बांधणीवर बोलू या. दोघं एकत्र का येऊ शकत नाहीत, ते कारण किती पक्कं आहे, आणि विनोद त्या कारणातूनच उगवतो की नायकाच्या मित्राला चार कोट्या देऊन वरून लावलाय?

माझं मत आधीच सांगतो. अडचण शहराने घातलेली असेल तर सिनेमा शेवटपर्यंत ताठ उभा राहतो. अडचण नुसती गैरसमजाची असेल तर मध्यंतरानंतर तो खाली बसतो. शहराची अडचण मोजता येते: खोली किती फुटांची, गाडी कितीची, पगार किती, करार किती महिन्यांचा. प्रेक्षकाला आकडा कळला की तो स्वतःच हिशेब मांडायला लागतो, आणि हिशेब चुकला की हसतो.

उदाहरण घरचंच घ्या. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०). 'का रे दुरावा' सगळ्यांना पाठ असतं, पण त्या सिनेमाचा कणा जागेचा आहे. नवरी मुंबईच्या घरात येते आणि नवराबायकोला दार लावून बसायला एक कोपरा नसतो. प्रेम आहे, लग्न झालंय, घरातली माणसं भली आहेत, कोणी खलनायक नाही. तरी दोघांना जवळ येता येत नाही. बासु चॅटर्जींनी १९७२ मध्ये त्यावरूनच 'पिया का घर' केला, त्यात जया भादुरी आणि अनिल धवन यांचा संसार स्वयंपाकघरात मांडलाय. स्वयंपाकघर हे घरातलं सगळ्यात वर्दळीचं ठिकाण. कोणाला पाणी हवं, कोणाला चहा. प्रत्येक माणूस न्याय्य कारणाने आत येतो, म्हणून कोणावर चिडता येत नाही आणि म्हणूनच हसू येतं.

चाळ_मजला_दुसरा

धागा छान. जागेच्या मुद्द्याला थोडी माहिती जोडते, कारण नव्या लेखकांच्या कथांमध्ये चाळ नुसती सजावट म्हणून येते.

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. कागदावर आखून बघा: साधारण १० बाय १६. त्यात मोरी, ओटा, कपाट, एक पलंग. उरलेल्या जमिनीवर दोन, फार तर तीन अंथरुणं पडतात. घरात सहा माणसं असतील तर दोघांना गॅलरीत जावं लागतं. म्हणजे रात्री गॅलरीत पाच-सहा बिऱ्हाडांची माणसं झोपलेली असतात आणि तिथून चोरपावलांनी जाणं अशक्य. हे गणित डोक्यात ठेवून प्रसंग लिहिला की विनोद आपोआप येतो. 'ती गुपचूप त्याला भेटायला गेली' असं एका ओळीत लिहिलं की चाळ मेली.

दुसरी खोली का घेत नाहीत, हेही लेखकाला ठाऊक हवं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली, मालकांना नवीन भाडेकरू ठेवण्यात रस उरला नाही, आणि खोली मिळवायची तर पागडी, म्हणजे भाड्याशिवाय आधी द्यायची एकरकमी मोठी रक्कम, मोजावी लागे. कारकुनाच्या पगारात पागडी जमत नसे. त्यामुळे 'वेगळं बिऱ्हाड' हा त्या काळच्या नवराबायकोसाठी रोज उठून पाहायचा आकडा होता. 'घरौंदा' (१९७७) त्याच आकड्यावर उभा आहे, फक्त तो विनोदाकडून शोकाकडे वळतो.

चाळीचा सगळ्यात हुशार वापर सई परांजपेंच्या 'कथा'त (१९८३) आहे. मूळ मराठी नाटक. राजाराम सरळमार्गी, मनातलं बोलत नाही. बाशू थापाड्या, त्याच्याच खोलीत येऊन राहतो आणि समोरच्या संध्यावर जाळं टाकतो. गंमत अशी की चाळीत कोणाच्या घरी काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बाशू बाहेर साहेबाच्या बंगल्यावर काय करतो हे एकालाही कळत नाही. तिथे तो साहेबाच्या बायकोशी आणि मुलीशी एकाच वेळी गोड बोलतोय. गॅलरीत काहीच लपत नाही आणि बंगल्यातलं काहीच इकडे पोचत नाही. मुंबईचे हे दोन थर एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून त्याची थाप चालते. लहान गावात बाशू आठवड्यात उघडा पडला असता.

स्लो_चर्चगेट

चाळीबद्दल अनुमोदन. मी गाड्यांवर बोलतो, कारण तिथे सर्रास चुका होतात.

१. नायक-नायिका गर्दीच्या वेळी एकाच डब्यात शेजारी बसलेली दाखवतात. प्रत्यक्षात बाई महिला डब्यात आणि पुरुष सर्वसाधारण डब्यात. एकत्र जायचं तर तिला सर्वसाधारण डब्यात चढावं लागतं आणि तो निर्णयच प्रेमाची पहिली कबुली असू शकतो. एवढा फुकट मिळालेला प्रसंग सहसा कोणी वापरत नाही.

२. स्लो आणि फास्ट. मुलगी फास्टने जाते, मुलाचं स्टेशन फक्त स्लोचं. तिला सोबत म्हणून तो फास्ट पकडतो आणि पुढच्या स्टेशनवरून उलटा येतो. संवाद एकही नाही, पण प्रेक्षकाला सगळं कळलं.

३. रिक्षा माहीम आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाही. अंधेरीहून दादरला तिला 'रिक्षाने सोडलं' असं लिहिलंत की मुंबईकर प्रेक्षक तिथेच सुटला. उलट वांद्र्याला रिक्षा सोडून टॅक्सी शोधायची ती दहा मिनिटं हा तयार प्रसंग आहे: निरोप घ्यायचा की पुढे सोबत जायचं?

४. वेस्टर्न आणि सेंट्रल, लोकलचे दोन वेगळे मार्ग. २०१४ मध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. त्याआधी मुलगी अंधेरीची आणि मुलगा घाटकोपरचा असेल तर दादरला उतरून गाडी बदला, नाहीतर बसने तासभर रस्त्यावर अडका. लांबचं नातं एकाच शहरात! कथा कोणत्या वर्षातली आहे त्यावर हा अडथळा आहे की नाही ते ठरतं, तेव्हा वर्ष आधी पक्कं करा.

'बातों बातों में' (१९७९) लोकलच्या प्रेमाचा पाठ आहे. टोनी आणि नॅन्सीची ओळख गाडीतली, मध्यस्थ अंकल टॉम. रोज तीच गाडी, तीच माणसं, तरी बोलायला निमित्त लागतं. रोजची गाडी म्हणजे पुन्हा भेटायची हमी आणि बोलायची मुदत ठरलेली. स्टेशन आलं की वाक्य अर्धं राहतं.

नेपथ्य_प्रकाश

'छोटी सी बात'चा (१९७६) उल्लेख अजून कसा नाही? रचना समजून घ्यायची तर हाच सिनेमा थांबवत थांबवत बघावा. मूळ आधार १९६० च्या एका ब्रिटिश विनोदपटाचा, पण बासुदांनी तो बसस्टॉपवर आणून इतका मुंबईचा केला की मूळ आठवत नाही.

पायऱ्या बघा. अरुण प्रभाला बसस्टॉपवर पाहतो. मागोमाग तिच्या ऑफिसपर्यंत जातो. बोलत नाही. ती हे सगळं ओळखून असते आणि वाट पाहते. आता नागेश येतो. त्याच्याकडे काय आहे? स्कूटर. रांगेत उभ्या माणसाचा पराभव करायला एवढंच पुरतं. नागेश वाईट नाही, श्रीमंत नाही, देखणाही नाही. फक्त त्याला बसची वाट बघावी लागत नाही. मग अरुण मोटरसायकल घेतो, तीही नागेशच्या ओळखीने, आणि ती भर रस्त्यात बंद पडते. प्रत्येक पायरी वाहनाची आहे: पायी, बस, स्कूटर, नादुरुस्त मोटरसायकल. प्रेमातली चढउतार चाकांवर मोजलीय.

त्यानंतर अरुण खंडाळ्याला एका कर्नलकडे प्रेमातले डाव शिकायला जातो. शहर सुटतं तेव्हाच त्याला आत्मविश्वास येतो, हे लक्षात घ्या. परत आल्यावर शिकलेले डाव एकेक करून नागेशवर उलटवतो. सिनेमाचा खरा कस शेवटी आहे: शेवटचा डाव प्रभावर टाकायची वेळ येते आणि अरुणला तो टाकवत नाही. शिकवणीतला हा एकच धडा तो नाकारतो. तिथे नायक पूर्ण होतो. डाव यशस्वी करून लग्न लावलं असतं तर आधीचं सगळं कडू झालं असतं.

आता अनेकांना खटकणारी गोष्ट, मलाही खटकते. आज मुलीच्या मागे ऑफिसपर्यंत जाणं हा पाठलाग आहे, आणि तो गोड म्हणून लिहू नये. त्या सिनेमात तो निभावतो कारण प्रभाचा दृष्टिकोन आपल्याला सतत मिळतो: तिला ठाऊक आहे, तिला मजा वाटतेय, अधिकार तिच्याकडे आहे. नवीन कथेत हा भाग वापरायचाच असेल तर मुलीची बाजू आधी दाखवा, मुलाची नंतर.

किल्ली_कोणाकडे

वेगळ्या शहराचं उदाहरण देतो, कारण मुंबईतही त्याची एक शाखा उघडली. बिली वाइल्डरचा 'द अपार्टमेंट' (१९६०), न्यूयॉर्क.

धागाकर्त्याचं 'आकडा सांगा' हे म्हणणं तिथे पहिल्या दोन मिनिटांत दिसतं. नायक बॅक्स्टर स्वतःची ओळख आकड्यांत करून देतो: मुख्य कचेरीत ३१,२५९ माणसं, तो १९ व्या मजल्यावर, टेबल क्रमांक ८६१. कचेरीचं नेपथ्य अलेक्झांडर ट्राउनरचं. मागे मागे टेबलं लहान केली, मागच्या रांगांत बुटकी माणसं बसवली, म्हणून दालन संपतच नाही असं वाटतं. माणूस किती बारीक आहे हे एका चौकटीत कळतं. बढतीसाठी तो घराची किल्ली साहेबांना देतो, त्यांच्या भानगडींसाठी.

किल्लीचं वेळापत्रक बघा. एका रात्री त्याला स्वतःच्याच घरातून बाहेर पडून बागेतल्या बाकावर झोपावं लागतं. सर्दी होते. आज रात्री घर स्वतःला हवंय, म्हणून तो एका साहेबाला फोन करतो. त्याला दुसरा वार द्यायचा तर दुसऱ्या साहेबाला हलवावं लागतं, मग तिसऱ्याला. नाक पुसत, थर्मामीटर तोंडात, फोनामागून फोन. एकही विनोदी वाक्य नाही आणि हसून पुरेवाट होते. आणि शेजारच्या डॉक्टरला बाटल्या नि आवाज ऐकून वाटतं की हा माणूस मोठा रंगेल आहे. हा गैरसमजच आहे, पण भिंत पातळ असल्यामुळे झालेला. म्हणून माझी दुरुस्ती अशी: गैरसमज चालतो, त्याला जन्म देणारी भिंत शहराची हवी.

दुसरी शिकण्यासारखी वस्तू म्हणजे फुटका आरसा. साहेबाच्या मैत्रिणीचा आरसा घरात सापडतो, बॅक्स्टर तो परत करतो. पुढे ज्या मुलीवर त्याचं प्रेम आहे तिच्या हातात तोच आरसा दिसतो. कोणी काही सांगत नाही. वस्तू पहिल्यांदा विनोदात पेरायची, दुसऱ्यांदा काळजात घुसवायची. दोन वेळा पुरे, तिसऱ्यांदा काढली की ती युक्ती वाटते.

मुंबईत हाच धागा अनुराग बासूच्या 'लाइफ इन अ मेट्रो'मध्ये (२००७) आहे: कॉल सेंटरमधला मुलगा वरिष्ठांना फ्लॅट देतो. मुंबईला तो चपखल बसतो, कारण इथे रिकामी खोली ही चलनासारखी वस्तू आहे. मात्र तिथे कथा अनेक असल्यामुळे किल्लीच्या वेळापत्रकाचा विनोद फुलायला जागा मिळत नाही.

सावंतवाडी_ते_शिवडी

इतकं छान चाललंय, पण सगळे चौरस फुटांवरच बोलताय. गुंतागुंतीचं प्रेम म्हटल्यावर जात, धर्म, भाषा कुठे गेली? वर सांगितलेल्या बहुतेक सिनेमांत दोघं एकाच थरातली, एकाच समाजातली. 'बातों बातों में'मध्ये दोघंही वांद्र्याची ख्रिश्चन. म्हणजे सगळ्यात मोठा अडथळा लिहिण्याआधीच बाजूला ठेवलेला. जागेची अडचण गोड वाटते कारण ती कोणाची चूक नसते. जातीची अडचण कोणाची तरी चूक असते, म्हणून विनोदी लेखक तिला हात लावत नाही. हा विनोदाचा भेकडपणा आहे.

वकिली_सल्ला_नाही

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, आणि हा अडथळासुद्धा मोजता येतो. आंतरधर्मीय जोडपं सिनेमात सकाळी पळतं आणि दुपारी हार घालून 'कोर्टातून' बाहेर येतं. तसं होत नाही.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि आक्षेपासाठी ३० दिवस थांबावं लागतं. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होऊन सगळं पहिल्यापासून.

सिनेमाच्या दृष्टीने सोनं पुढे आहे: एखाद्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. म्हणजे मुंबईत लपवलेलं प्रेम सांगलीच्या कार्यालयात भिंतीवर. ते ३० दिवस हाच अख्खा सिनेमा. एका बाजूला तीन साक्षीदार जमवायचे, दुसऱ्या बाजूला गावाकडे त्या भिंतीपुढे कोणी ओळखीचं उभं राहू नये अशी तजवीज. यात विनोद भरपूर आहे आणि भीतीही खरी आहे. भीती खोटी केलीत तर मात्र त्या जोडप्यांचा अपमान होईल. आक्षेप घेणारा माणूस विदूषक करू नका.

टिकटिक

मोबाइलबद्दल विचारायचं होतं. बसस्टॉप, चिठ्ठी, चुकलेली भेट हे सगळं मोबाइलने संपवलं असं म्हणतात. आजच्या कथेत काय करायचं?

पटावरचा_उंट

टिकटिक, मोबाइलने 'निरोप पोचला नाही' हा अडथळा काढला आणि 'निरोप पोचला, वाचला, उत्तर नाही' हा घातला. जुन्यापेक्षा तो जास्त बोचरा आहे. दोन निळ्या खुणा, शेवटचं कधी पाहिलं, चालू ठेवलेलं लोकेशन, पैसे पाठवल्यावर दिसणारं खरं नाव. फक्त पडद्यावर मेसेजचे फुगे सोडू नका. मेसेज वाचताना माणूस कुठे अडकलाय ते दाखवा. गर्दीत फोन खिशातून काढता येत नाही, हात वर अडकलेत, आणि खिशात तो थरथरतोय. हे अजूनही शहराचंच.

बॅटरी संपणे, नेटवर्क जाणे हे उपाय एकदाच वापरावेत आणि तेही पहिल्या अर्ध्या तासात. निर्णायक क्षणी वापरले की लेखक अडकला हे दिसतं.

'द लंचबॉक्स' (२०१३) बघा. फोन असलेल्या काळात चिठ्ठ्यांचं प्रेम त्यांनी डब्याच्या चुकीतून आणलं. आणि वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आँटी! भारती आचरेकरांचा नुसता आवाज आणि खिडकीतून सोडलेली टोपली. चेहरा न दाखवता शेजार उभा केला. तो विनोदपट नाही, तरी शेजाराचा एवढा काटकसरीचा वापर शिकण्यासारखा आहे.

सावंतवाडी, तुमचा आक्षेप मान्य. धाग्याचं सूत्र मी त्याप्रमाणे रुंद करतो.

ब्रोकर_फोनवर

आजच्या घराबद्दल कोणीच बोललं नाही, तेव्हा थोडक्यात. आज मुंबईत एकेकट्या मुलामुलींची कथा म्हणजे ११ महिन्यांचा करार. लिव्ह अँड लायसन्स, नोंदणी बंधनकारक, पोलिसांना भाडेकरूची माहिती, ब्रोकरला सहसा एक महिन्याचं भाडं, वर डिपॉझिट. सोसायटीचे अलिखित नियम वेगळे: बॅचलर नको, रात्री पाहुणे नकोत, मांसाहार नको. करार दोघांच्या नावाने असेल आणि चौथ्या महिन्यात प्रेम मोडलं तर? डिपॉझिट अडकलेलं, एकट्याला भाडं झेपत नाही, दुसरी खोली परवडत नाही. मोडलेलं जोडपं सात महिने एकाच घरात. फ्रिजचे कप्पे वाटून घेतलेले, आणि मालकिणीपुढे अजून नवराबायको. आपोआप मुदत, आपोआप नाटक.

'नवराबायको असल्याशिवाय खोली नाही' हा नियम जुनाच आहे. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) त्याच एका अटीवर उभा आहे. एक अट, चार मित्र, दोन लुगडी. पुढचं सगळं त्या अटीतून निघतं, म्हणून इतक्या वर्षांनी पाठ असूनही लोक बघतात.

पर्वतीकर_सुमा

'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) कुठे बसवाल? तिथे ना चाळ, ना भाडं, ना लोकल. आणि तरी तो चालला. (पुढे शेवट फुटतोय, न पाहिलेल्यांनी सांभाळा.)

नेपथ्य_प्रकाश

सुमाताई, तिथे मुदत आहे: एक दिवस. मुलगी पुण्याला एका मुलाला नकार द्यायला आलीय आणि परत जायचंय. शहर अडथळा म्हणून नाही, वादाचा विषय म्हणून आहे. ती मुंबईची बाजू लढवते, तो पुण्याची, आणि त्या भांडणाआडून एकमेकांना जोखतात. सतीश राजवाडेंनी जवळपास सगळा भार मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी या दोघांवर टाकला, नावंसुद्धा सांगू दिली नाहीत. नाव न सांगणं ही नुसती लकब नाही, शेवटच्या उलगड्याची पाचर आहे: नाव कळलं असतं तर हाच तो मुलगा हे पहिल्या दहा मिनिटांत फुटलं असतं. कमी पैशात सिनेमा करणाऱ्यांनी हा नमुना घ्यावा. पण संवाद तेवढा सकस नसेल तर दोन माणसं चालताना बघणं तासाभरात जड होतं. सावरायला दुसरा आधारच नसतो.

टिकटिक

शेवटचा प्रश्न. शेवट स्टेशनवर धावत करायचा मोह होतो. करावा का?

स्लो_चर्चगेट

लोकलसाठी धावू नये. एक गेली की चार मिनिटांत दुसरी येते, मग धाप कशाची? बाहेरगावची गाडी असेल तर ठीक, पण मग ती दादरला की कुर्ला टर्मिनसला हे नीट लिहा, कारण दोन्हीकडे पोचायचा रस्ता आणि वेळ पूर्ण वेगळे. लोकलच हवी असेल तर शेवटची घ्या. रात्री एकच्या सुमारास ती सुटते आणि पहाटे चारच्या सुमारास पहिली येते. ती चुकली तर दोघांना तीन तास मिळतात, आणि ज्या शहरात दोघांना बसायला जागा नव्हती तिथे ते कुठे बसणार हे आधी नकाशावर शोधून ठेवा. मरीन ड्राइव्ह सगळेच घेतात. स्टेशनबाहेरचा चहावाला, हवालदाराची फेरी, बंद शटरपुढची पायरी यांतलं काही घेतलंत तर चित्रीकरणाची परवानगीही तुलनेने सोपी जाईल. रेल्वेच्या हद्दीत कॅमेरा लावायचा तर रेल्वेची परवानगी वेगळी काढावी लागते, ते आधीच वेळापत्रकात धरा.